जुन्या संगणकाचा वाली कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या प्रणालीचा नित्याचा सांभाळ थांबविला. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली तोपर्यंत जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर चालू होती. तिच्यात पुढे जे दोष सापडतील त्यांची दुरुस्ती पूर्वीसारखी आपोआप मिळणार नाही. ज्यांना निर्धास्त राहावयाचे असेल त्यांनी ‘विंडोज ११’ घ्यावी, आणि जुन्या यंत्राला ती पेलत नसेल तर यंत्रच नवे घ्यावे, असा या निर्णयाचा सरळ अर्थ होता. लोणंदसारख्या गावात या घटनेची कोणी फारशी दखल घेतली नाही. संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू झाले, पावत्या निघाल्या, दाखले छापले गेले. पडद्यावर एक सूचना तेवढी येऊ लागली आणि ती बाजूस सारून माणसे आपापल्या कामाला लागली.

प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे गांभीर्य प्रथम जाणवले ते लोणंदच्या बाजारपेठेतील एका लहान छापखान्यात. एका शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा काढून हव्या होत्या. छापखान्याच्या मालकांनी त्यासाठी कोपऱ्यातील एक जुनाट संगणक सुरू केला. त्यावर ‘विंडोज एक्सपी’ होती आणि तिच्यावर ‘पेजमेकर’. एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आहे. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ साली निघाली आणि २००४ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने तिचा विकासच थांबविला. “मास्तर, हे यंत्र गेले की वीस वर्षांचे काम गेले,” मालक म्हणाले. “फायली दुसरीकडे नेल्या तर अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी खिचडी उमटते.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस लांबला असे शेतकऱ्याने सांगावे तसे ते सांगत होते. नेमकी हीच गोष्ट चिंतेची आहे. माणसाने केलेला एक व्यापारी निर्णय आपण निसर्गाचा कोप समजून सोसू लागलो आहोत.

रूळ बदलले, तेव्हा

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर यांना जोडणारी मूळ प्रणाली. तिला रेल्वेच्या रुळांची उपमा द्यावयास हरकत नाही. रुळांची रुंदी ठरली की डब्यांची चाके त्याप्रमाणे बनतात. रुंदी बदलली की चांगले, धडधाकट डबेही निरुपयोगी ठरतात. लोणंदकरांना हे निराळे सांगावयास नको. पुणे–मिरज हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मीटर गेजचा म्हणून बांधला गेला आणि १९७० च्या सुमारास तो रुंद रुळांचा झाला. या स्थित्यंतरात गैरसोय झाली असेल, खर्च तर झालाच. परंतु तो खर्च रेल्वेने, म्हणजे पर्यायाने सर्व समाजाने केला. लोणंद स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाला, “तुमचा डबा तुम्हीच बदलून आणा,” असे कोणी सांगितले नाही.

संगणकाच्या जगात मात्र नेमके हेच सांगितले जाते. रूळ टाकणारी कंपनी आपल्या सोयीने ते बदलते आणि डबे बदलण्याचा भुर्दंड शाळा, पतसंस्था, छापखाने आणि लहान दुकानदार यांच्यावर पडतो. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की, विंडोज १० चा सांभाळ संपल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. यांतील कित्येक यंत्रे बिघडलेली नव्हेत. नव्या प्रणालीला हवी असलेली सुरक्षेची चिप किंवा अलीकडचा प्रोसेसर त्यांच्यात नाही, एवढाच त्यांचा अपराध.

मराठीच्या बाबतीत हा भुर्दंड दुहेरी आहे. विंडोज ९८ पर्यंतच्या प्रणालींना देवनागरीची ओळख नव्हती; ती विंडोज २००० पासून झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे फॉन्ट बनविणाऱ्यांनी एक युक्ती योजली होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवावयाचे, म्हणजे यंत्राला इंग्रजी वाटावे आणि डोळ्यांना मराठी दिसावे. ही मांडणी प्रत्येकाची निराळी. त्या काळी या युक्तीनेच मराठी छपाई तरली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु तो विशिष्ट फॉन्ट आणि तो चालविणारी प्रणाली नाहीशी झाली की मजकूरही नाहीसा होतो. गावोगावची स्मरणिका, शाळांची वार्षिके, संस्थांची इतिवृत्ते, लग्नपत्रिकांपासून संतचरित्रांपर्यंतचे दोन दशकांचे मराठी लेखन अशा फायलींत कुलूपबंद होऊन पडले आहे. इंग्रजी कागदावर ही आपत्ती सहसा ओढवत नाही. म्हणून जुन्या प्रणालीसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा आणि जुन्यातून नव्याकडे पूल बांधणारा माणूस इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक आवश्यक आहे.

ज्यांच्याजवळ पैसा आहे ते काय करतात?

“जुन्यासाठी आता कोण कशाला सॉफ्टवेअर लिहील?” असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर स्वच्छ आहे: ज्याला पैसे मिळतात तो लिहितो. विंडोज १० चेच उदाहरण घ्यावे. सांभाळ संपला असे जाहीर झाले तरी दुरुस्तीचे काम थांबले नाही. तिला दर लागला. कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे व्यावसायिक संस्थांना एका संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही अधिकाधिक तीन वर्षे. म्हणजे एका यंत्राचे तीन वर्षांचे ४२७ डॉलर, रुपयांत पस्तीस हजारांहून अधिक. लहान पतसंस्थेतील जुन्या यंत्राची तेवढी किंमतही येणार नाही. शिक्षणसंस्थांना हाच दर अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलर असा ठेवला गेला. घरगुती ग्राहकांना एका वर्षासाठी ३० डॉलर किंवा कंपनीकडील खात्याशी यंत्र जोडण्याची अट घालण्यात आली. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठविल्यावर तेथील घरगुती ग्राहकांवरील अटी सैल झाल्या. एकाच दुरुस्तीचे हे निरनिराळे दर पाहिले म्हणजे ध्यानात येते की, प्रश्न तांत्रिक अशक्यतेचा नाही. दुरुस्ती करणारे हात आहेत, दुरुस्ती तयारही होते. ती कोणाला द्यावयाची, एवढाच प्रश्न उरतो.

याचा अधिक कठोर धडा २०१७ साली मिळाला. एक्सपीचा सांभाळ संपला तेव्हा ब्रिटिश सरकारने आपल्या कार्यालयांसाठी एका वर्षाच्या खास दुरुस्तीपोटी सुमारे ५५ लाख पौंड मोजले होते; पुढील वर्षी तो मध्यवर्ती करार चालू ठेवला नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे १९,००० रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षकांनी दिला. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी दुरुस्ती सर्वांना खुली केली. एवढ्या तातडीने ती कशी देता आली? कारण पैसे देणाऱ्या ग्राहकांसाठी ती अगोदरच करून ठेवलेली होती.

तथापि, या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ब्रिटनच्या त्याच लेखापरीक्षणात असेही आढळले की, आरोग्य सेवेतील बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य एक्सपीवर चालणारी नव्हतीच. ती विंडोज ७ वर होती, जिचा सांभाळ तेव्हा चालू होता. दुरुस्ती दोन महिने आधी येऊन पडली होती, ती कोणी बसविली नव्हती. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पैसे देऊन भागत नाही. ते गावातील यंत्रावर नेऊन बसविणाराही लागतो. पाटाला पाणी सोडले तरी बांध फोडून ते वाफ्यात घेणारा माणूस शेतावर हवाच.

परक्यांचे जुने आणि आपले जुने

या विषयात आपण अनभिज्ञ आहोत असेही नाही. किंबहुना जुन्या प्रणालींची डागडुजी याच कामावर भारतीय संगणक व्यवसायाने परदेशांत पाय रोवले. २००० साल उजाडताना तारखेतील दोन आकड्यांमुळे जगभरचे व्यवहार कोलमडतील, अशी धास्ती पसरली होती. अमेरिकेतील बँका आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांवर ‘कोबोल’ या जुन्या भाषेत लिहिलेल्या लक्षावधी ओळी तपासावयाच्या होत्या. तिकडील तरुणांना त्या कामात रस नव्हता. पुण्या-मुंबईच्या आणि बंगळूर-चेन्नईच्या तरुणांनी ते काम पत्करले. कोणी ते क्षुद्र मानले नाही, कारण त्याचा मोबदला डॉलरमध्ये मिळत होता. पुढे एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत बेकारभत्त्याचे अर्ज वाढले तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन करावे लागले. चाळीस वर्षांच्या जुन्या यंत्रणेवर गोरगरिबांचा भत्ता अवलंबून होता आणि ती जाणणारी माणसे दुर्मिळ झाली होती.

परक्यांच्या जुन्या आज्ञावली सांभाळण्यासाठी आपण बुद्धी दिली. आपल्या जुन्यासाठी मात्र आपल्याजवळ माणूस नाही. ही विसंगती कोणाला बोचत कशी नाही? एकेकाळी चित्र निराळे होते. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. तेथे ‘जिस्ट’ नावाचे तंत्र विकसित झाले. त्याचे कार्ड संगणकात बसविले की केवळ इंग्रजी जाणणाऱ्या ‘डॉस’ प्रणालीवरील सॉफ्टवेअर देवनागरी आणि अन्य भारतीय लिप्यांत काम करू लागे. याचा अर्थ काय? परकीय कंपनीने जी प्रणाली दिली तिच्यावर मराठी चालावी म्हणून सार्वजनिक पैशातून तंत्रज्ञांना वेतन दिले गेले. कोणी त्यास उधळपट्टी म्हटले नाही. आज त्याच न्यायाने, जुन्या प्रणालींत अडकलेली मराठी सोडविण्यासाठी वेतन द्यावयास काय प्रत्यवाय आहे?

फुकट म्हणजे कोणाच्या श्रमाचे?

यावर एक सुचवणी नेहमी केली जाते: विंडोजचा नाद सोडा, लिनक्स घ्या, ती फुकट आहे. ही सुचवणी चुकीची नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालते, आणि केरळ राज्याने शालेय शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग कधीच पत्करला आहे. तेथील ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते. परंतु केरळला ते साधले ते फुकट मिळाले म्हणून नव्हे. आवृत्ती तयार करणारे, शिक्षकांना शिकविणारे आणि शाळेत जाऊन बिघाड काढणारे लोक त्या राज्याने पगार देऊन ठेवले म्हणून साधले.

‘फुकट’ या शब्दाने आपली फार दिशाभूल केली आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचा फार मोठा भाग या आज्ञावलीवर चालत होता. आणि तिच्या जोपासनेसाठी मिळणाऱ्या देणग्या वर्षाला अवघ्या २,००० डॉलरच्या आसपास होत्या. मोठमोठ्या कंपन्या जिच्या जिवावर व्यापार करीत होत्या, तिचा सांभाळ मूठभर माणसे पदरमोड करून करीत होती. दोष उघड झाल्यावर मग कंपन्यांनी निधी उभारला. विहीर आटल्यावर दोर शोधण्याचाच हा प्रकार.

याउलट उदाहरण ‘डेबियन’ या लिनक्स परिवाराचे. तिची प्रत्येक आवृत्ती स्वयंसेवक साधारण तीन वर्षे सांभाळतात. त्यापुढे जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांचे काय? २०१४ पासून त्यावर एक मार्ग निघाला. ज्या संस्थांना जुनी आवृत्ती हवी आहे त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावयाची. फ्रान्समधील ‘फ्रेक्सियन’ ही कंपनी ती गोळा करून प्रोग्रामरांना कामाच्या तासांप्रमाणे मोबदला देते. अशाने आवृत्तीचे आयुष्य पाच वर्षांपर्यंत आणि जादा वर्गणी देणाऱ्यांसाठी दहा वर्षांपर्यंत वाढते. एकट्याला जे परवडत नाही ते अनेकांनी मिळून विकत घ्यावयाचे, ही ती कल्पना. सातारा-सांगलीच्या माणसाला ही कल्पना फ्रान्सकडून शिकावी लागावी, हे मात्र नवल होय.

सहकाराची वाट

कारण या भागाला सहकाराचा वारसा आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे कृष्णाकाठही कारखान्यांनी गजबजला. एका शेतकऱ्याला चरक घेणे जड होते, म्हणून हजारोंनी भागभांडवल घातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तीही लोकांच्या मूठमूठ धान्यावर आणि श्रमावर वाढली. ज्या भूमीत ऊस आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी वर्गणीतून उभ्या राहिल्या, तेथे संगणकाचा सांभाळ वर्गणीतून का होऊ नये?

हिशेब करून पाहावा. दोन जिल्ह्यांतील शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये, पतसंस्था, बाजार समित्या, नगरपंचायती आणि छापखाने यांपैकी एक हजार संस्थांनी महिना तीनशे रुपये दिले, तर दरमहा तीन लाख आणि वर्षाला छत्तीस लाख रुपये होतात. तेवढ्यात चार-पाच चांगले प्रोग्रामर आणि दोन-तीन फिरते तंत्रज्ञ पोसता येतील. त्यांनी काय करावे? जुन्या फॉन्टमधील मराठी युनिकोडमध्ये बिनचूक आणणारी साधने लिहावीत. ज्या यंत्रांना विंडोज ११ पेलत नाही त्यांवर लिनक्स बसवून मराठी टंकलेखन, हिशेब आणि छपाई सुरळीत करून द्यावी. जी जुनी आज्ञावली सोडताच येत नाही, तिचे यंत्र इंटरनेटपासून अलग ठेवून सुरक्षित चालविण्याची व्यवस्था लावावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली विद्यावेतनावर घ्यावे. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र येथे नव्याने सांगण्याची गरज नाही.

केवळ वर्गणीने सारे होणार नाही, कारण विंडोजसारखी प्रणाली बंदिस्त आहे. तिचा गाभा दुरुस्त करण्याचा अधिकार आणि साधन कंपनीखेरीज कोणापाशी नाही. तेथे शासनाने पुढे यावयास हवे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लावला पाहिजे. शासकीय पैशातून जे सॉफ्टवेअर खरेदी होते त्याच्या करारात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: सांभाळ किती वर्षे होईल, माहिती कोणत्या खुल्या स्वरूपात परत मिळेल, आणि विक्रेत्याने हात वर केल्यास मूळ आज्ञावली कोणाच्या स्वाधीन होईल. घर बांधताना विहिरीचा हक्क लिहून घेणारे आपण, येथेच इतके गाफील कसे राहतो?

आक्षेप आणि उत्तर

जुने किती काळ ओढावयाचे, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक प्रणाली कायमची जिवंत ठेवावी असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. दुरुस्ती न होणारे यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर खातेदारांचे पैसे मोजणे हा तर शुद्ध बेजबाबदारपणा होय. परंतु जुन्याचा मोह आणि जुन्याची जबाबदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोह म्हणतो, काहीच बदलू नका. जबाबदारी म्हणते, बदल करावयाचा तर जे मागे राहतात त्यांच्यासाठी पूल बांधा, आणि पूल बांधणाऱ्याला त्याची मजुरी द्या. एस. टी. महामंडळ नवी गाडी आणते म्हणून जुन्या गाडीतील उतारूंना घाटात उतरवीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, असे काम बुद्धिमान तरुणांना कमीपणाचे वाटेल. हा दोष तरुणांचा नसून आपल्या मूल्यमापनाचा आहे. नवे बांधणाऱ्याचा सत्कार होतो आणि जुने गळू न देणाऱ्याचे नावही कोणास ठाऊक नसते. धरणाचे उद्‌घाटन थाटात होते. कालव्याची गळती बुजविणाऱ्या कामगाराच्या वाट्याला हार येत नाही. तरी शेताला पाणी मिळते ते दोघांमुळे.

शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी यांनी या प्रश्नात पुढाकार घ्यावा असे वाटते, कारण दररोज या यंत्रांपुढे बसणारे तेच आहेत. आपल्या शाळेत, कचेरीत किंवा संस्थेत कोणत्या यंत्रावर कोणती प्रणाली आहे, कोणत्या फायली केवळ तेथेच उघडतात, याची साधी यादी करण्यास पैसे लागत नाहीत. अशा याद्या तालुक्याच्या ठिकाणी एकत्र आल्या तर प्रश्नाचा आकार कळेल. आकार कळला की वर्गणीचा आकडा ठरविता येईल. छापखान्यातील त्या कोपऱ्यातल्या यंत्राला अजून किती दिवस आहेत, हे त्याच्या मालकालाही सांगता येणार नाही. ते बंद पडण्यापूर्वी आपण हालचाल केली, तर त्या वीस वर्षांच्या कामातील बरेच काही हाती लागेल. नंतर केली, तर कितीही पैसे मोजून ते परत येणार नाही.